हाताकडं बघू नका, वर बघा

जगलिंगला, म्हणजे अनेक वस्तू हवेत फेकत-झेलत खेळवण्याला, वयाची अट नाही असं आमचे मास्तर म्हणतात, ते नुसतं धीर द्यायला नव्हे. नव्या माणसाच्या हातात पहिली वस्तू कोणती ठेवायची हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, त्या भरवशावर ते म्हणतात. सांगलीतल्या त्यांच्या उन्हाळी वर्गात पहिल्या रविवारी दुसरी-तिसरीतल्या मुली होत्या, कॉलेजची पोरं होती, एक निवृत्त पोस्टमास्तर होते, माझा सहावीतला मुलगा होता, मी होते आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई होत्या. सगळ्यांना सामान एकच मिळालं: जुन्या शिफॉनच्या साडीचे कापलेले तीन-तीन चौकोनी तुकडे.

खरं तर मी मुलाचं नाव घालायला गेले होते. मास्तर म्हणाले, "पोराला सोडून जाऊ नका मॅडम, तुम्ही पण या. घरी त्यानं प्रॅक्टिस कुणाबरोबर करायची?" मास्तरांचं अर्धं आयुष्य सर्कशीच्या तंबूत गेलं. लहानपणीच ते तिथे आले, आधी झुल्यावर होते, खांदा दुखावल्यावर जगलिंगकडे वळले. आता एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन शिकवतात. लोखंडी ट्रंकेत चेंडू, रिंगा, काठ्या, ताटल्या असं सगळं असतं. ट्रंक उघडली की मुलं धावतात, पण पहिले काही वर्ग त्यातून फक्त रुमाल बाहेर येतात.

शिफॉनच्या तुकड्याला ते रुमालच म्हणतात. त्याचा मोठा गुण हा की तो वेळ देतो. चेंडू फेकला की बघता बघता परत येतो. रुमाल हवेत पसरतो, हवा त्याला अडवते आणि तो रमतगमत खाली उतरतो. कुठला हात, कुठली दिशा, हे ठरवायला तेवढी सवड पुरते. रुमाल मधोमध चिमटीत धरायचा, हात तिरका वर नेऊन दुसऱ्या खांद्याच्या बाजूला सोडायचा. उजव्या हातातला डावीकडे, डाव्यातला उजवीकडे. पकडताना वरून झडप घालायची. तीन रुमाल असले की एका हातात दोन येतात. त्यातला एक करंगळीत दाबून ठेवायचा आणि सुरुवात त्याच हातानं करायची. पहिला रुमाल सर्वांत वर पोचला, की दुसरा सोडायचा. दुसरा वर पोचला, की तिसरा. पुढे चेंडू, रिंग, काहीही हातात आलं तरी हा नियम बदलत नाही.

या वर्गात सगळ्यात आधी कुणाला जमलं तर आमच्या सासूबाईंना. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्यांचं माहेर भिलवडीचं. लहानपणी उन्हाळाभर ओसरीवर सागरगोटे खेळत बसायच्या. एक सागरगोटा वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन. नजर वरच्या सागरगोट्यावर, आणि खालचे कुठे पडलेत ते हाताला आपसूक कळायला हवं. मास्तर हॉलभर फिरून प्रत्येकाला सांगत होते, "हाताकडं बघू नका, वर बघा की. हात कुठं पळून जात न्हाई." आईंना हे सांगायची वेळच आली नाही. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, बांगड्या कोपराकडे सारलेल्या, उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं. ते दुखू नये म्हणून त्या रुमाल अंगठ्यानं न धरता दोन बोटांच्या मध्ये धरत होत्या. तीन रुमाल डोक्याच्या थोडे वर जात होते आणि त्यांची मान हलत नव्हती. मास्तर थांबून बघत राहिले. म्हणाले, "आजी, शिकलाय कुठं?" आई म्हणाल्या, "ओसरीवर."

मग आल्या पिशव्या. मास्तर दुकानातले चेंडू आणायला सांगत नाहीत. टेनिसचा चेंडू हातातून सुटला की उड्या मारत बाकाखाली जातो आणि शिकणाऱ्याचा निम्मा वेळ तो शोधण्यात जातो. आम्ही ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, मुठीत मावतील एवढ्या, आणि त्यात ज्वारी भरली. साधारण १२० ग्रॅमची एक. ज्वारी आधी तव्यावर कोरडी भाजून घ्यायची, नाहीतर पावसाळ्यात किडे होतात. भरायची थोडी सैलसर. तळहातावर ठेवली की पिशवी बसली पाहिजे, घरंगळता कामा नये, आणि पडली की पडली तिथेच राहिली पाहिजे.

पिशव्यांचा पहिला धडा झेलण्याचा असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मास्तरांनी शिकवलं पाडायला. तीन पिशव्या हातात घ्यायच्या, उजवा, डावा, उजवा अशा एकामागून एक समोरच्या बाजूला फेकायच्या आणि झेलायच्या नाहीत. हात खाली, कान उघडे. हॉलला शहाबादी फरशी आहे. पिशव्या तिच्यावर पडतात त्याचा आवाज ऐकायचा: धप, धप, धप. तिन्ही आवाजांत अंतर सारखं आलं, की फेक बरोबर. धप-धप आणि मग उशिरा धप आला, तर दोन फेकी घाईत झाल्या. पिशव्या कुठे पडल्यात तेही बघायचं. पहिली आणि तिसरी डाव्या पायापुढे, दुसरी उजव्या पायापुढे. हे बसेपर्यंत त्यांनी झेलू दिलं नाही. आणि हे बसलं की झेलायला वेगळं शिकावं लागत नाही, कारण पिशवी हाताशी येऊनच पडते. शिकवण्याची इतकी नेटकी रीत मी माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत फार थोड्यांकडे पाहिली आहे. शिवाय या धड्यात पिशवी पडणं हाच अभ्यास असतो, त्यामुळे पोस्टमास्तर काकांसारखा संकोची माणूसही दहा-बारा मुलांच्या मधे उभा राहून खुशाल पाडत होता.

दोन पिशव्यांवर जवळजवळ प्रत्येकजण अडतो, आणि एकाच जागी. उजव्या हातानं पहिली छान कमानीत जाते. ती उतरायला लागली की डावा हात दुसरी वर फेकत नाही, हळूच उजव्या हातात सरकवून देतो. लहानपणापासून दोन दगड गोल गोल फिरवत आलेल्या हाताची ती सवय असते. मास्तर तेव्हा सुरुवात डाव्या हातानं करायला लावतात आणि तोंडानं म्हणायला लावतात, "टाक, टाक, झेल, झेल." दोन्ही कमानी डोळ्यांच्या उंचीला आल्या पाहिजेत. कोपर अंगाशी, हात कमरेच्या वर, फेक आतल्या बाजूनं आणि झेल बाहेरच्या बाजूला. तीन पिशव्यांनाही आधी तीनदा टाकायचं, तीनदा झेलायचं आणि थांबायचं. थांबणं मुलांना फार जड जातं. पण नीट थांबलेला हात पुढच्या वेळी चौथी फेक घ्यायला तयार असतो. घरी पलंगासमोर उभं राहायचं, म्हणजे पडलेली पिशवी गादीवर राहते आणि कंबर वाचते. फेक पुढे पुढे जाऊन माणूस तिच्यामागे चालत सुटत असेल, तर भिंतीला तोंड करून उभं राहायचं.

मी हायस्कूलला गणित शिकवते, त्यामुळे इथे मला खडू हातात घ्यावासा वाटला आणि मास्तरांनी घेऊ दिला. हातापासून ३० सेंटीमीटर वर गेलेला चेंडू हवेत साधारण अर्धा सेकंद असतो. पूर्ण सेकंद हवा असेल तर तो १२० सेंटीमीटरपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट. नवशिक्याला वाटतं, गडबड होतेय, जरा उंच फेकू. उंच फेकलं की मिळणारा वेळ थोडाच वाढतो, पण फेकीतला छोटासा तिरकेपणा वर जाईपर्यंत मोठा होतो आणि चेंडू हातभर लांब पडतो. म्हणून डोळ्यांची उंची. मास्तरांना हे आकड्यांत कुणी सांगितलं नव्हतं. ते पोरांना "पंख्याला लावू नका" एवढंच सांगत आले होते, आणि वर्ग सुरू होण्याआधी हॉलचे पंखे स्वतः बंद करून ठेवत होते.

याच गणितातून पोरांना आकड्यांची भाषा भेटली. जगलर लोक फेकींना आकडे देतात. ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे बसवली. ३ म्हणजे समोरच्या हाताकडे जाणारी साधी फेक. ४ म्हणजे जरा उंच, त्याच हातात परत येणारी. ५ म्हणजे आणखी उंच आणि समोरच्या हाताकडे. १ म्हणजे या हातातून त्या हातात झटकन देणं. आकड्यांची सरासरी काढली की चेंडू किती लागतील ते कळतं. ४-४-१ ची सरासरी ३, ५-३-१ ची सरासरी ३, दोन्ही तीन चेंडूंत होतात. दगड गोल फिरवण्याची आपल्याकडची सवय तीन चेंडूंत केली की ५-१, सरासरी पुन्हा ३. सरासरी पूर्णांक आली म्हणजे रचना जमेलच असं नाही, ५-४-३ ची सरासरी ४ येते, पण तिन्ही फेकी एकाच क्षणी एकाच हातात उतरतात. हे ऐकल्यावर माझ्या मुलानं वहीची मागची पानं आकड्यांनी भरून टाकली आणि त्यातल्या कुठल्या रचना खऱ्या हे पिशव्या घेऊन तपासत बसला. सरासरी हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवते, पण त्यासाठी कुणी संध्याकाळ खर्च केलेली मी पाहिली नव्हती.

हे सगळं सांगलीत चालावं याचं मला अप्रूप आहे. विष्णुपंत छत्रे इथून जवळच्या अंकलखोपचे, कृष्णेपलीकडे आईंचं माहेर. इटलीच्या किआरिनीची सर्कस मुंबईत पाहून पंतांनी स्वतःची उभी केली आणि १८८० साली मुंबईत तिचा पहिला खेळ झाला. भारतीय माणसानं काढलेली ती पहिली सर्कस. पंत घोड्यांचे जाणकार आणि गाण्याचे वेडे. ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे ते गाणं शिकले आणि पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी आपल्या पदरी सांभाळलं. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली. केरळातल्या थलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन छत्र्यांच्या सर्कशीमुळेच या वाटेला लागले. त्यांनी मुलं तयार केली आणि त्यानंतर देशभरच्या तंबूंत मल्याळी कलावंत दिसायला लागले. शाळेत आम्ही मुलांना सांगली म्हटलं की हळद आणि नाटक शिकवतो. सर्कसही शिकवायला हवी.

मास्तर तंबूत आले तेव्हा ते वय पोरांनी शाळेत असण्याचं होतं. आज तसं कुणाला नेता येणार नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. मास्तर स्वतः तेच म्हणतात. पण मग ही विद्या पुढच्या हातात जाणार कुठून? अशा वर्गांतूनच. शनिवार-रविवारी, आई-बापांच्या सोबत, शाळा न सोडता. पी.टी.च्या तासाला प्रत्येक मुलाच्या हातात तीन ज्वारीच्या पिशव्या द्यायला कुठल्या शाळेला परवडणार नाही? जे मूल धावण्यात मागे, कबड्डीत कुणाला नको असतं, ते इथे पुढे येताना मी पाहिलं आहे.

ताटली हा लहान मुलांचा आवडता प्रकार. प्लास्टिकची ताटली, तळाशी मधोमध खोलगट टोक आणि कडेला उभी पट्टी. काठी उभी धरून ताटली कडेवर लटकवायची आणि फक्त मनगटानं काठीचं टोक गोल फिरवायचं. आधी सावकाश, मग वेग वाढवत. ताटली उचलत आडवी होते, त्या क्षणी मनगट थांबवायचं, टोक आपोआप मधल्या खोबणीत जाऊन बसतं. सहा-सात वर्षांचं मूलही एका तासात इथपर्यंत येतं. मोठी माणसं अख्खा हात फिरवतात, म्हणून त्यांना उशीर लागतो.

डायबोलो, म्हणजे दोन वाट्या पाठीला पाठ लावून जोडलेल्या आणि दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरणाऱ्या. मूळ चीनचा खेळ. उजव्या हातानं झटके देत वेग द्यायचा, डाव्यानं नुसती साथ. भोवरा फिरवलेल्या पोरांना इथे लवकर गती येते. वेग असेपर्यंत ती सरळ राहते, वेग मंदावला की तिरकी होते, आणि फिरता फिरता तिचं तोंड वळायला लागलं की आपणही तिच्याबरोबर वळायचं असतं.

पोई न्यूझीलंडच्या माओरी लोकांची. दोरीच्या टोकाला चेंडू, प्रत्येक हातात एक. आम्ही मोज्यात ज्वारी भरून गाठ मारली, काम झालं. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना परदेशी पाहुणे पोई फिरवतात ते पुष्कळांनी पाहिलं असेल. आमच्या वर्गात एक मुलगा कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ शिकलेला. त्याला पोई दाखवावीच लागली नाही. अंगाच्या डावीकडून उजवीकडे आठाच्या आकड्यात हात न्यायचा तो फिरका त्याच्या लाठीत आणि बनेटीत होताच.

आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट मुद्गलाची. जगलर फेकतात त्या बाटलीच्या आकाराच्या दांडक्यांचं मूळ आपल्या तालमीत आहे. आपल्याकडची मुद्गलाची जोडी एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेबरोबर युरोपात गेली, व्यायामशाळांतून लोकप्रिय झाली, तिथून अमेरिकेत पोचली आणि तिथल्या कलावंतांनी ती हवेत फेकायला सुरुवात केली. आता ती प्लास्टिकची, पोकळ, पाव किलोच्या आतली असते. मास्तरांनी ट्रंकेतलं दांडकं आणि तालमीतलं लाकडी मुद्गल शेजारी शेजारी उभं करून दाखवलं. मूठ, मान, फुगीर पोट, सगळं तेच. दांडकं फेकताना हवेत एक पूर्ण कोलांटी घेऊन मूठ परत हाताकडे यायला हवी. ती देण्यासाठी मनगटाचा झटका लागत नाही, हात खालून वर नेताना सोडलं की ते आपणहून फिरतं. जमेपर्यंत बोटांच्या पेरांवर टोले बसतात, मुलांना बारा-तेरा वर्षांच्या आधी मास्तर ते देत नाहीत.

पोस्टमास्तर काकांनी एकदा विचारलं, "या वयात डोक्याला काही उपयोग असतो का हो याचा?" मी त्यांना वाचलेलं सांगितलं. जर्मनीत तरुणांना तीन महिने तीन चेंडूंचं जगलिंग शिकायला लावून आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन काढले. हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात करड्या द्रव्याची वाढ दिसली, सराव सोडल्यावर ती बरीचशी ओसरली. हे २००४ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं. पुढे साठीच्या आसपासच्या लोकांवर तोच प्रयोग झाला. त्यांच्यात तीन चेंडू सलग फिरवण्यापर्यंत पोचणारे कमी निघाले, पण मेंदूतला बदल तिथेही दिसला. काका म्हणाले, "म्हणजे सोडायचं नाही." ते आता रोज फिरायला जाताना पिशव्या खिशात घेऊन जातात. कृष्णेच्या घाटावर वारा असतो, तिथे रुमाल चालत नाहीत. ज्वारीच्या पिशवीला वाऱ्याची पर्वा नसते.

आई रुमालांवरून पिशव्यांवर आल्या नाहीत, अंगठा दुखतो. त्यांनी ताटली घेतली, आणि आता एका हातात ताटली, दुसऱ्या हातात नातवाबरोबर एकच रुमाल देता-घेता असा त्यांचा स्वतःचा आयटम आहे.

माझं तीन पिशव्यांचं बसलंय, आता चार. चाराची रीत तिनाहून अगदी वेगळी. विषम आकड्यात चेंडू हात बदलतात, सम आकड्यात बदलत नाहीत. प्रत्येक हातानं आपापले दोन, आतून बाहेर असे गोल फिरवायचे, आणि दोन्ही हातांचा ताल एक-आड-एक. बघणाऱ्याला ते चार चेंडू एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, पण ते मिसळत नाहीत. म्हणजे उजव्याला जेवढं येतं तेवढं डाव्याला आलंच पाहिजे. मास्तरांनी सांगून ठेवलंय: दोन पिशव्या, नुसता डावा हात, दिवाळीपर्यंत. उजवा कमरेवर ठेवायचा.